इंग्रजी पूर्णकाळातील क्रियाविशेषणाचे स्थान

पूर्णकाळी इंग्रजी वाक्यात क्रियाविशेषण 'हॅव' आणि धातुसाधित यांच्या मध्ये घालावे, असा नियम आपण विद्यार्थ्यांस सांगत आलो आहोत. तो खोटा नव्हे, अपुरा आहे; आणि त्याच्या आधाराने आपण उत्तरपत्रिका तपासतो, म्हणून हे अपुरेपण निरुपद्रवी राहत नाही. 'ते पुस्तक तू कधी वाचले आहेस काय?' या अर्थाच्या प्रश्नास एका विद्यार्थिनीने 'आय नेव्हर हॅव' असे उत्तर लिहिले असता प्रस्तुत लेखकाने त्याखाली तांबडी रेघ ओढली होती. चूक विद्यार्थिनीची नव्हती. धातुसाधित अध्याहृत राहिले की 'नेव्हर' साहाय्यक क्रियापदाच्या आधीच येते; तेथे 'आय हॅव नेव्हर' हे वाक्य अधांतरी लोंबकळते.

उलट टोकाचा समजही काही मंडळी बाळगून असतात : संयुक्त क्रियापद फोडूच नये. फाउलरने 1926 सालच्या आपल्या कोशात त्याचा समाचार घेतला असल्याने येथे अधिक लिहीत नाही.

खरा प्रश्न अर्थाचा आहे. 'द चेअरमन हॅज वाइजली रिप्लाइड' आणि 'द चेअरमन हॅज रिप्लाइड वाइजली' ही वाक्ये पाहावीत. पहिल्यात उत्तर दिले यात शहाणपण आहे, मग ते उत्तर कसेही असो. दुसऱ्यात शहाणपण उत्तरात आहे. आपला नियम पहिल्या वाक्यास गुण देतो आणि दुसऱ्याविषयी मौन पाळतो. दोन साहाय्यक क्रियापदे आली म्हणजे तर तो पुरताच निरुत्तर होतो. 'हॅज प्रॉबब्ली बीन केअरफुली एक्झामिन्ड' येथे संभाव्यतेचे क्रियाविशेषण पहिल्या फटीत आणि रीतिवाचक दुसऱ्या फटीत बसते. त्यांची अदलाबदल इंग्रजी कानास सहन होत नाही.

जॅकेन्डॉफने 1972 मध्ये स्थान व अर्थ यांचा हा संबंध पुढे मांडला. क्वर्क प्रभृतींच्या 1985 च्या बृहद्व्याकरणात मध्यस्थानाचेही पोटभेद केले आहेत. चिंक्वे याने 1999 मध्ये क्रियाविशेषणांची एक सार्वत्रिक उतरंडच कल्पिली. ही उपपत्ती आकर्षक खरी. परंतु 'वाइजली'सारख्या शब्दास दोन अर्थांसाठी दोन घरे नेमून दिली, की ते स्पष्टीकरण झाले की नुसती नोंद, ही शंका उरतेच.

मराठीत 'आहे' हे धातुसाधितानंतर येते आणि 'मी ते पत्र आधीच लिहिले आहे' यातील 'आधीच' सबंध क्रियापदाच्या अलीकडे राहते. त्यामुळे 'आय ऑलरेडी हॅव रिटन' अशी रचना आपल्या विद्यार्थ्याच्या लेखणीतून सहज उतरते. 'हॅव'वर जोर असेल तर तीही इंग्रजीच आहे. मात्र 'वाइजली'चा स्थानभेद मराठीत स्थानाने दाखविता येत नाही. तेथे रचनाच बदलावी लागते : 'अध्यक्षांनी उत्तर दिले हे शहाणपणाचे झाले', किंवा 'अध्यक्षांनी शहाणपणाचे उत्तर दिले'. विद्यार्थ्यास हा भेद कळला आहे की नाही, हे रिकाम्या जागा भरण्यापेक्षा अशा दोन वाक्यांचे भाषांतर करावयास सांगितल्याने अधिक लवकर उमगते.