मशादोचा वर्ण

मशादो द असिस हा कादंबरीकार 29 सप्टेंबर 1908 रोजी रिओ दि जानेरो येथे वारला. ब्राझीलच्या साहित्य अकादमीचा तो पहिला अध्यक्ष. मृत्यूच्या नोंदीत त्याचा वर्ण 'गोरा' असा लिहिला गेला. वस्तुतः त्याचे आजोबा व आजी गुलामगिरीतून मुक्त झालेली माणसे होती. वडील घरे रंगवीत, तर आई अझोर्स बेटांवरून आलेली पोर्तुगीज बाई.

कारकुनाची चूक म्हणून हे सोडून देता आले असते. परंतु त्याच वर्षी जोझे व्हेरीसिमो या टीकाकाराने मृत्युलेखात मशादोला 'मुलाटो', म्हणजे मिश्रवंशीय, म्हटले, तेव्हा जोआकिं नाबुकोने त्याला पत्र लिहून तो शब्द गाळण्याची विनंती केली. शब्द हीनतादर्शक आहे आणि आपल्याला मशादो गोराच वाटे, असा पत्राचा आशय होता. हा नाबुको कोण? ब्राझीलमध्ये 1888 साली गुलामगिरी कायद्याने संपली, त्या चळवळीचा हा अग्रणी! गुलामांसाठी झगडलेल्या माणसालाही आपल्या मित्राबद्दल तो शब्द सोसवला नाही. द्वेषाने केलेला अपमान ओळखू येतो. प्रेमाने केलेला हा गौरव मात्र काय हिरावून घेतो, ते चटकन ध्यानात येत नाही.

माझ्या मते तो वाचकाचा कान हिरावून घेतो. मशादोने आपल्या लोकांकडे पाठ फिरवून श्रीमंतांच्या दिवाणखान्यांतच लेखणी रमवली, असा आक्षेप त्याच्यावर अनेक वर्षे घेतला गेला. मला पोर्तुगीज येत नाही; माझी भिस्त इंग्रजी भाषांतरांवर. पण त्यांतूनही या आक्षेपाचे उत्तर मिळते.

1881 साली पुस्तकरूपाने आलेल्या त्याच्या कादंबरीत ब्रास कुबास हा धनिक मेल्यानंतर आपली जीवनकथा सांगतो. लहानपणी तो प्रुदेन्सियो नावाच्या गुलाम पोराला घोडा करून त्याच्या पाठीवर बसत असे. पुढे मुक्त झालेला प्रुदेन्सियो भर रस्त्यात स्वतःच्या गुलामाला फटके मारताना त्याला दिसतो. जुन्या धन्याने शब्द टाकताच तो मुकाट्याने थांबतो. खाल्लेला मार हा व्याजासकट फेडतो आहे, या विचाराने ब्रास कुबासला मौज वाटते. आता, लेखकही त्याच दिवाणखान्यातला असे धरून चालणाऱ्याला येथे एकच हसू ऐकू येईल. धन्याच्या तोंडून वदवून धन्यालाच उघडे पाडणारा दुसरा माणूस त्याला ऐकू येणार नाही.

1906 च्या 'पिता विरुद्ध माता' या कथेत हे अधिक स्पष्ट होते. आरंभी लेखक गुलामांच्या गळ्यातले लोखंडी कडे आणि तोंडावरचा पत्र्याचा मुखवटा यांचे वर्णन भांड्याकुंड्यांची यादी द्यावी तितक्या थंडपणे करतो. पळालेल्या गुलामांना पकडणाऱ्या नायकाचे नाव कांदिदो नेव्हिस. त्याचा अर्थच 'शुभ्र' आणि 'हिम'. स्वतःचे मूल अनाथालयात टाकावे लागू नये म्हणून तो गरोदर आर्मिंदाला पकडून देतो आणि धन्याच्या दारातच तिचा गर्भपात होतो. लेखक कोठेही आवाज चढवीत नाही.

येथे एक सावधगिरी हवी. मिश्र रक्तामुळे मशादो असा लिहू शकला, असे म्हणणे म्हणजे नाबुकोची चूक उलट्या बाजूने करणे होय. तशा वंशाची हजारो माणसे होती. मशादो एकच झाला. वंश हे प्रतिभेचे कारण नव्हे. परंतु लेखक कोठे उभा राहून पाहत होता, हे पुसून टाकले तर त्याचा उपरोध नुसता खेळकरपणा ठरतो.

2011 साली तेथील एका सरकारी बँकेच्या जाहिरातीत गोऱ्या नटाने मशादोची भूमिका केली. लोकांनी निषेध केल्यावर ती मागे घेऊन दुसऱ्या नटाकडून नव्याने करावी लागली. 2022 च्या जनगणनेत स्वतःला मिश्रवर्णीय म्हणवणारे 45.3 टक्के आणि गोरे म्हणवणारे 43.5 टक्के भरले. नाबुकोला जी गोष्ट मित्राच्या नावाजवळ नको होती, ती आज तेथे सर्वांत मोठा गट आपणहून सांगतो.

'त्यांच्यातला वाटतच नाही हो!' ही स्तुती आपल्याकडेही जातीच्या संदर्भात ऐकू येते, आणि ती करणारा बहुधा मनाने चांगलाच असतो. लेखकाला असा मान देताना आपण त्याला त्याच्या माणसांपासून तोडतो, हे निदान आम्हा शिक्षकांनी तरी मुलांपुढे लेखकपरिचय मांडताना विसरू नये.