कोशांचे वय

शाळेच्या ग्रंथसंग्रहाची परीक्षा ग्रंथांच्या संख्येवरून करण्याची आपल्याकडे रूढी पडली आहे. 2009 च्या शिक्षणहक्काच्या कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे असे ठरविले. परंतु त्यातील कोश किती जुना चालेल, हे ठरविणे शिक्षकांच्या विवेकावरच राहिले. संदर्भग्रंथांच्या बाबतीत तर हाच प्रश्न पहिला होय. कादंबरी जुनी झाली म्हणून खोटी ठरत नाही. कोशातील विधान मात्र ठरू शकते.

थेरगावचेच उदाहरण घ्यावे. पवनेकाठचे हे गाव आज पिंपरी-चिंचवडच्या वस्तीत मिसळून गेले आहे. त्या शहरास 1970 साली नगरपालिका मिळाली व 1982 साली तेथे महानगरपालिका झाली. तेव्हा त्यापूर्वी छापलेल्या ग्रंथात येथील मुलास आपले शहर आजच्या रूपात सापडावयाचे नाही. 1960 साली राज्याचे जिल्हे 26 होते, ते 2014 साली 36 झाले. 2006 साली प्लूटोचे ग्रहपद गेले. अशा विधानांपुरता जुना ग्रंथ मुलाची फसवणूक करतो, आणि तीही मोठ्या अधिकारवाणीने.

मग जुने सारे काढून टाकावे काय? येथे तारतम्य हवे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ह्यांच्या संपादकत्वाखाली सुरू झालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड 1976 साली निघाला. विसावा निघेपर्यंत नवे शतक उजाडले होते. म्हणजे एकाच मांडणीवर उभ्या असलेल्या ह्या कोशात ‘अ’चे ज्ञान जुने व ‘ह’चे नवे आहे. संच एक असला तरी त्याचे वय एक नव्हे, ही गोष्ट विद्यार्थ्यास कोणी सांगितल्यावाचून कळणार नाही. विश्वकोशातील नोंदी आता संगणकावरही वाचावयास मिळतात, त्यांची जोड छापील खंडास द्यावी.

दाते व कर्वे ह्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाची गोष्ट निराळी. 1932 ते 1938 ह्या काळातील ह्या सात विभागांचे शुद्धलेखन 1962 च्या नियमांपूर्वीचे आहे. त्यावरून मुलाने निबंध लिहिला तर गुण जातील. परंतु मोट, नांगर, खळे ह्यांच्या भोवतालची शब्दसंपत्ती व निरनिराळ्या प्रांतांतील बोलींचे शब्द त्यात साठविलेले आहेत. कारखान्यांच्या ओढीने चहूकडून आलेल्या कुटुंबांच्या मुलांस आजीच्या तोंडचा शब्द येथे भेटण्याचा संभव आहे. हा ग्रंथ काढणे म्हणजे वाडवडिलांचे दप्तर जाळण्यासारखे होय. डॉ. केतकरांच्या ज्ञानकोशाचेही तसेच. त्यातील शास्त्रीय माहिती मागे पडली असेल. पण सुमारे शंभर वर्षांपूर्वी मराठी मनुष्य जगाकडे कसा पाहत होता, हे सांगणारा तो आज स्वतःच इतिहासाचे साधन झाला आहे.

तात्पर्य, वय हा दोष नव्हे. वय लपणे हा दोष आहे. राजकीय नकाशे, लोकसंख्या व शास्त्र ह्यांचे ग्रंथ दर काही वर्षांनी तपासून बदलावेत. शब्दकोश व चरित्रकोश राखावेत. राखलेल्या प्रत्येक ग्रंथाच्या आरंभी प्रकाशनाचे वर्ष ठळक अक्षरांत लिहून, बदललेल्या गोष्टींची चिठ्ठी चिकटवावी. ही चिठ्ठी वरच्या वर्गातील मुलांनीच शिक्षकांच्या देखरेखीखाली तयार करावी. निर्लेखनाच्या कटकटीपेक्षा हे काम स्वस्त आहे, आणि शिक्षण ह्या दृष्टीने अधिक मोलाचे.

कोणी म्हणेल, हातातील फोनवर सर्व मिळत असता हा खटाटोप कशाला? फोन उत्तर तत्काळ देतो. परंतु ते कोणी लिहिले व केव्हा, हे पुष्कळदा सांगत नाही. कोशाच्या मुखपृष्ठामागे ह्या दोन्ही गोष्टी छापलेल्या असतात. ‘हे कोणी व केव्हा लिहिले?’ हा प्रश्न विचारण्याची सवय ज्या शाळेने लावली, तिच्या कपाटात ग्रंथ थोडे असले तरी तिचे ग्रंथालय समृद्धच म्हटले पाहिजे.