हलगी कुणाच्या पुढे?

दलित आणि परिवर्तनवादी रंगभूमीवरील समीक्षा वाचताना एक गोष्ट मला सतत खटकते. संहितेवर पानेच्या पाने लिहिली जातात. आशय, विद्रोह, जाणीव यांची चर्चा होते. संगीताच्या वाट्याला मात्र 'संगीत प्रसंगाला साजेसे होते' एवढे एकच वाक्य येते. जणू संगीत म्हणजे संहितेच्या अंगावर चढविलेला सदरा! माझे म्हणणे याच्या उलट आहे. अशा रंगभूमीला आणि नृत्याला संगीत देणारा माणूस विचारच करीत असतो. फक्त तो सुरात आणि तालात करतो. तेव्हा त्याचे मूल्यमापनही विचार म्हणूनच झाले पाहिजे.

'घाशीराम कोतवाल' (१९७२) घ्या. भास्कर चंदावरकरांचे संगीत आणि कृष्णदेव मुळगुंदांचे नृत्य वेगळे काढले तर तेंडुलकरांच्या संहितेचे काय उरते? रांगेत डोलणाऱ्या ब्राह्मणांचा पडदा होतो, कीर्तनाला लावणी येऊन भिडते, आणि पेशवाईतील धर्म व भोग यांचे साटेलोटे भाषणाशिवाय उघडे पडते. परंतु शहरी रंगभूमीने यातून एक सोयीचा धडा घेतला : लोकसंगीत वापरले की नाटक मातीतले होते. ढोलकी, संबळ, हलगी मंचावर आली. ती वाजविणाऱ्याचा इतिहास विंगेतच राहिला.

आंबेडकरी जलशाने ही चूक केली नव्हती. भीमराव कर्डक यांच्या पिढीने १९३०च्या दशकात जलसे गावोगाव नेले. तमाशाचा सांगाडा त्यांनी घेतला, पण त्यात प्रबोधन भरले. करमणुकीसाठी वाजणारी ढोलकी आता आपल्याच वस्तीत, आपल्याच माणसांना जागे करण्यासाठी वाजू लागली. वाद्य तेच राहिले, त्याचा धनी बदलला.

याच वाटेवर पुढे 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' (२०१२) हे नाटक उभे आहे. लेखन राजकुमार तांगडे यांचे, दिग्दर्शन नंदू माधव यांचे. संकल्पना, गीते आणि संगीत संभाजी भगत यांचे. त्यातील पोवाड्यांचा सामना मला महत्त्वाचा वाटतो. शिवाजी कुणाचा, यावर दोन गट भांडतात, आणि दोघेही पोवाड्यातच भांडतात. जोतीराव फुल्यांनी १८६९ साली पोवाडा रचूनच शिवाजीला 'कुळवाडीभूषण' म्हटले होते, हे आठवले की या योजनेचे मर्म कळते. राजावरचा हक्क आणि गाण्याच्या प्रकारावरचा हक्क येथे एकाच वेळी मागितला जातो. ही संगीतकाराची वैचारिक निवड आहे. एक उणीवही सांगितली पाहिजे : या नाटकातील संगीताला थांबणे फारसे मानवत नाही. आवेशाची पट्टी सतत चढी राहिली की प्रेक्षक टाळी देतो, पण प्रश्न घरी नेत नाही.

थांबण्याचे मोल मला कोपरीत कळले. मी येथेच राहतो. आमच्या विद्यार्थ्यांनी गटारात उतरून मरणाऱ्या सफाई कामगारांवर एक नृत्यनाट्य बसविले. मैला हाताने उपसण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ साली झाला, तरी माणसे मरतातच, हा विषय. तालमी ठाणे पूर्वेच्या एका समाजमंदिरात होत. संगीताची जबाबदारी एका विद्यार्थ्याने घेतली आणि त्याने हलगी निवडली.

एका संध्याकाळी माझे वडील तालीम पाहायला आले. त्यांनी वागळे इस्टेटमध्ये कारखान्यात आयुष्य काढले. घरातला पहिला पदवीधर मी. घरी येताच ते म्हणाले, "माझ्या बापानं धर्मांतरानंतर गावकी सोडली तवा हलगी इहिरीत टाकली. तीच तू पोरांच्या गळ्यात परत अडकवतोस?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. जलशाची ढोलकी ही कला होती. आजोबांची हलगी ही गावकीची सक्ती होती. गावाची मिरवणूक असो की मयत, पुढे वाजवीत चालायचे आणि शेवटी वाढतील ते खायचे. पुस्तकी सौंदर्यशास्त्रात हा प्रश्न मला कधी भेटला नव्हता.

उत्तर त्या विद्यार्थ्याने रचनेतून दिले. आरंभी हलगी पुढे आणि नाचणारी मुलगी तिच्या हुकुमाखाली. मुलगी गटारात उतरते त्या क्षणी हलगी थांबते. बराच वेळ फक्त श्वास ऐकू येतो. मग मुलगी जमिनीवर टाच मारते. तो ठेका तिचा असतो, आणि हलगी तिच्या मागून येते. हुकूम देणारे वाद्य साथ देणारे होते.

स्पर्धेत परीक्षकांनी 'मातीचा गंध' म्हणून कौतुक केले. त्या शांततेबद्दल एक शब्दही नाही.

वडिलांनी प्रयोग पाहिला. त्यांचे समाधान झाले असे मी म्हणणार नाही. पत्रिका वाचून त्यांनी विचारले, "वाजवणाऱ्याचं नाव कुठंय?"

पत्रिकेवर लेखन, दिग्दर्शन, नृत्य, मार्गदर्शन सारे होते. संगीतापुढे आम्ही 'समूह' असे छापले होते. मार्गदर्शक म्हणून माझे नाव मात्र ठळक होते. समीक्षेवर बोट ठेवण्याआधी ही चूक मला माझ्या नावावर मांडली पाहिजे.