बरे होणे आणि बरे वाटणे

दिवाळीचा पहिला दिवा आपण धनत्रयोदशीला लावतो. त्या दिवशी वैद्यमंडळी धन्वंतरीची पूजा करतात, धणे-गुळाचा प्रसाद वाटतात. आणि त्याच संध्याकाळी घरातली वडीलधारी बाई कणकेचा दिवा करून त्याची वात दक्षिणेकडे वळवून ठेवते. तो दिवा यमाचा. एकाच दिवशी आरोग्याच्या देवाला नमस्कार आणि मृत्यूच्या देवाला दिवा! आपल्या पूर्वजांना या दोन गोष्टींत काही विसंगती वाटली नाही, आणि मला वाटते, त्यांचेच बरोबर होते. बरे होण्याची आशा धरावी आणि सगळेच बरे होत नाहीत हेही विसरू नये, असा काहीसा त्या दोन दिव्यांचा अर्थ असावा.

आजच्या माझ्या लेखाचा विषय मात्र धन्वंतरी नाही. बायबलातील आरोग्यदानाच्या कथा आणि त्या कथांचा मराठी साहित्यात उमटलेला पडसाद, यांविषयी मला थोडे लिहायचे आहे. मी ख्रिस्ती नाही. या वाङ्‌मयाकडे मी आलो तो धर्माच्या दारातून नव्हे, तर माझ्या एका मावशीच्या दारातून. तेव्हा आधी तिच्याविषयी सांगतो.

पूर्णा आणि नांदेड यांच्या दरम्यान चुडावा नावाचे एक लहानसे स्टेशन आहे. मावशीचे घर त्या गावात. ऐन तारुण्यात मोठा ताप आला आणि त्या तापाने तिचे दोन्ही कान नेले. मग जे सर्वांच्या घरी होते ते झाले. डॉक्टर झाले, वैद्य झाले, देवीचा नवस झाला, पिराला चादर झाली. शेवटी कोणीतरी सांगितले म्हणून तिला दूरच्या एका प्रार्थनासभेला नेले. मांडव, ध्वनिक्षेपक, हजारोंची गर्दी. व्यासपीठावरच्या गृहस्थांनी तिच्या कानांवर हात ठेवला, मोठ्याने प्रार्थना केली आणि विचारले, ऐकू येते का? तिला प्रश्नच ऐकू आला नाही. तेव्हा त्यांनी बरोबरच्या माणसांना सांगितले, “बाईंचा विश्वास कमी पडला.”

डॉक्टरांनी हात टेकले होते, पण तिला दोष दिला नव्हता. नवस फळला नाही, पण देवीने काही बोलून दाखवले नव्हते. हे वाक्य मात्र कोणीतरी तिला पाटीवर लिहून दाखवले, आणि ते तिच्या मनातून पुढे कधी पुसले गेले नाही. पुष्कळ वर्षांनी पंडिता रमाबाईंचे चरित्र वाचताना मला कळले की, रमाबाईंनाही ऐकू कमी येत असे. मी उत्साहाने ते मावशीला लिहून दाखवले. तिने ते दोनदा वाचले आणि विचारले, “मंग तिचाबी भरवसा कमी पडला व्हता का रे?”

माझी सगळी समीक्षा या प्रश्नापासून सुरू होते.

प्रथम मूळ ग्रंथाकडे जाऊ. चार शुभवर्तमानांत आंधळे, पांगळे, कुष्ठरोगी, भूतबाधा झालेले असे कितीतरी लोक बरे होतात. विश्वासाने बरे झाल्याचा उल्लेख त्यांत अनेकदा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली आणि वैद्यांपायी सर्व पैसा घालवून बसलेली बाई गर्दीतून येऊन येशूच्या वस्त्राला शिवते. तिला तो तिच्या विश्वासाचेच श्रेय देतो. त्याच्या स्वतःच्या गावी लोकांच्या अविश्वासामुळे फारशी अद्‌भुत कृत्ये घडली नाहीत, असेही मार्क सांगतो. व्यासपीठावरच्या त्या गृहस्थांचा आधार बहुधा हाच असावा.

परंतु पुस्तक पुरते वाचावे लागते. बेथेस्दाच्या तळ्याकाठी अडतीस वर्षे पडून असलेल्या माणसाला येशू बरे होण्याची इच्छा आहे का एवढेच विचारतो. विश्वासाचे नावही काढत नाही. बरे झाल्यावरही, बरे करणारा कोण, हे त्या माणसाला ठाऊक नसते. छप्पर उचकटून खाली सोडलेल्या पक्षाघाती माणसाच्या कथेत येशू पाहतो तो त्याला वाहून आणणाऱ्यांचाही विश्वास. जन्मांध माणसाविषयी शिष्य विचारतात, पाप कोणाचे, याचे की आईबापांचे? येशू दोन्ही पर्याय नाकारतो. आजाऱ्यालाच आरोपी करण्याची ही खोड फार जुनी आहे. आणि त्या कथेत ती शिष्यांची आहे, गुरूची नाही.

आणि बहिऱ्याची कथा? ती मार्कने सांगितली आहे. लोक त्या माणसाला घेऊन येतात, तेव्हा येशू पहिली गोष्ट करतो ती ही की, त्याला गर्दीतून बाजूला नेतो. मग त्याच्या कानांत बोटे घालतो, जिभेला स्पर्श करतो. ज्याला ऐकू येत नाही त्याच्याशी तो स्पर्शाने बोलतो! आणि झाल्यावर, कोणाला सांगू नका, असे बजावतो. मांडव नाही, डांगोरा नाही. ज्या लेखकाने हा तपशील टिपला त्याची नजर कारागिराची खरी.

लूकच्या पुस्तकात आणखी एक कान आहे. येशूला पकडायला आलेल्यांपैकी एका चाकराचा कान एक शिष्य तलवारीने उडवतो. ही हकिकत चारही शुभवर्तमानांत आहे. पण तो कान येशूने बरा केला, हे एकटा लूक सांगतो, आणि परंपरा लूकला वैद्य मानते. अटकेच्या क्षणी, शत्रूच्या माणसाला, न मागता दिलेले आरोग्य! त्या चाकराचा विश्वास किती होता हे कोणी मोजले नाही. मावशीला पहिल्यांदा हीच गोष्ट सांगायला हवी होती, असे आता वाटते.

जे बरे झाले नाहीत त्यांनाही या ग्रंथाने झाकून ठेवलेले नाही. पौलाच्या शरीरात कसला तरी काटा होता. तो निघावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली आणि तो निघाला नाही. त्रफिम नावाचा सहकारी आजारी पडला म्हणून त्याला मिलेत गावी मागे ठेवावे लागले. खुद्द प्रेषितांच्या मंडळीत न बरी झालेली माणसे होती, आणि त्यांचा विश्वास कमी पडला असे कोणी लिहून ठेवले नाही.

आता भाषेचा एक मुद्दा. या कथांत ग्रीक भाषेतील ‘सोझो’ हे क्रियापद वारंवार येते. त्याचा अर्थ बरे करणे असाही होतो आणि तारणे असाही. मराठी भाषांतरकाराला प्रत्येक ठिकाणी दोहोंपैकी एक निवडावे लागते, आणि निवड केली की अर्थाचा एक पदर सुटतो. पण आपला ‘बरे’ हा शब्दही काही गरीब नाही. बरा माणूस म्हणजे चांगला माणूस. आलात ते बरे झाले, असे आपण पाहुण्याला म्हणतो. आणि आजाऱ्याच्या उशाशी बसून आपण विचारतो, बरे वाटते ना? बरे होणे निराळे, बरे वाटणे निराळे, बरे असणे त्याहूनही निराळे. पुष्कळ साक्षी-पुस्तिकांचा दोष मला हाच दिसतो की, त्यांना यांतले फक्त बरे होणे माहीत असते. रोग होता, प्रार्थना झाली, रोग गेला; तीन वाक्यांत माणूस संपतो. साहित्य म्हणून ते कोरडे आणि श्रद्धा म्हणून ते हिशेबी.

मराठीत या कथा फार आधी आल्या. इंग्लंडातून 1579 साली गोव्यास आलेल्या फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. देवनागरीत छापील रूपाने ते शांताराम बंडेलू यांच्या संपादनामुळे 1956 साली मराठी वाचकांच्या हाती आले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. परकीयाने मराठी ओवी इतकी आपली करावी, याचे कौतुक करावे तेवढे थोडेच. पण पुराण हा प्रकारच असा की, त्याला चमत्कार प्रिय. श्रोता हात जोडून बसलेला असतो. देवाने केले नाही, असे का, हा प्रश्न पुराणाच्या बैठकीत सहसा उठत नाही. तो प्रश्न उठायला आत्मचरित्र जन्माला यावे लागले.

रमाबाईंची 1907 सालची साक्ष मी त्या दृष्टीने वाचतो. 1858 साली जन्मलेल्या या बाईने दुष्काळात आईबाप गमावले, पुढे भाऊ गमावला, आणि 1882 साली, लग्नाला दोन वर्षे होतात न होतात तोच, पतीही गमावला. सिल्चरला पतीच्या पुस्तकांत तिला बंगाली भाषेतले लूकचे शुभवर्तमान सापडले होते, त्याच लूकचे! 1883 साली ती इंग्लंडला गेली ती वैद्यक शिकण्याच्या इच्छेने. हंटर कमिशनपुढे स्त्री-डॉक्टरांची गरज तिनेच मांडली होती. पण कानांनी दगा दिला आणि वैद्यकाचे दार बंद झाले. दुसऱ्यांना बरे करू पाहणारी बाई स्वतःच्या बहिरेपणामुळे मागे फिरली. यावर एखाद्या सामान्य लेखकाने पुढच्या प्रकरणात कान उघडल्याचा चमत्कार घातला असता. रमाबाईंच्या आयुष्यात तो घडला नाही.

त्यांच्या साक्षीतला निर्णायक प्रसंग निराळाच आहे. लंडनजवळ फुलहॅम येथे ख्रिस्ती भगिनींनी चालवलेले एक गृह त्यांनी पाहिले. समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांना तिथे मायेने वागवले जात होते. ते पाहून त्या हलल्या. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तरीही पुढे त्या प्रांजळपणे लिहितात की, आपल्याला धर्म मिळाला होता, ख्रिस्त स्वतः मिळायला आणखी वर्षे जावी लागली. आध्यात्मिक आरोग्याचे असे हप्त्याहप्त्याने, खाडाखोड न लपवता केलेले वर्णन मराठी माणसांच्या आत्मकथनांत विरळा. आणि त्यातून निघाले काय? केडगावचे मुक्तिसदन, दुष्काळातून उचलून आणलेल्या शेकडो मुली, पतित म्हटलेल्यांसाठी कृपासदन, अंध मुलींचे शिक्षण. 1905 साली मुक्तीमध्ये प्रार्थनेची मोठी लाट उसळली, तिची ख्याती जगभर गेली. पण ती ओसरल्यावरही रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलाचे सोप्या मराठीत भाषांतर करीतच राहिल्या. 1921 साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. 1922 साली त्या स्वतः गेल्या. भाषांतर 1924 साली प्रसिद्ध झाले, मुक्तीतल्याच छापखान्यात छापलेले. ज्या बाईला नीट ऐकू येत नव्हते तिने इतरांना ऐकवण्यासाठी एवढे केले!

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून भागाभागांनी निघाली. त्यांत आजार आहेत, पण मला आठवते ते वडिलांचे सोवळे. 1857 च्या धामधुमीतल्या घरच्या आघातानंतर ते त्यांच्या अंगात शिरले आणि मीठसुद्धा धुऊन घेण्यापर्यंत गेले. लक्ष्मीबाईंनी ते हसत हसत सांगितले आहे, म्हणून ते विनोदी वाटते. पण ती एका भ्यालेल्या मनाची व्यथा आहे. त्याच घरात वाढलेली मुलगी पुढे जातीचे ओझे उतरवते, 1900 साली बाप्तिस्मा घेते आणि परक्यांची मुले आपली म्हणून वाढवते. कोणी तिच्या डोक्यावर हात ठेवून किंकाळी फोडली नाही. तरी बरे होणे म्हणजे काय हे त्या पुस्तकाइतके गोड करून मराठीत दुसऱ्या कोणी सांगितलेले मला ठाऊक नाही.

एक शंका वाचकांच्या मनात येईल. मग प्रार्थना करावी की डॉक्टरकडे जावे? याकोबाच्या पत्रात आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करावी असे सांगितले आहे. पण त्या काळी तेल हे औषधही होते. दयाळू शोमरोनी वाटेतल्या जखमी माणसाच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारसच ओततो, आणि मग उतारशाळेचा खर्चही भरतो! हीच कथा वाचून वाढलेल्या डॉ. वानलेस यांनी 1894 साली मिरजेस रुग्णालय उभे केले. प्रार्थना आणि शस्त्रक्रिया यांत भांडण आहे असे त्यांना वाटले नाही. विंचू-साप चावल्यावर उपचारापासून अडवून मंत्र घालत बसणे हा महाराष्ट्रात 2013 च्या कायद्याने गुन्हा ठरला आहे. तो कायदा श्रद्धेच्या विरुद्ध आहे असे ज्यांना वाटते त्यांनी त्या शोमरोन्याची गोष्ट पुन्हा वाचावी.

तेव्हा आरोग्याच्या कोणत्याही कथेला, मग ती कोणत्याही धर्माची असो, मी आता एकच प्रश्न विचारतो: जो बरा झाला नाही, त्याला या कथेत बसायला जागा आहे का? ज्या कथेत ती जागा नाही ती कितीही दिपवणारी असली तरी अर्धीच समजावी. शुभवर्तमानांत ती जागा आहे, रमाबाईंत आहे, लक्ष्मीबाईंत तर हसतमुखाने आहे. व्यासपीठावरच्या त्या गृहस्थांनी आपले पुस्तक पुरते वाचले असते, तर मावशीला इतकी वर्षे खाली मान घालावी लागली नसती.

तिच्या प्रश्नाला मी त्या दिवशी पाटीवर लिहिले होते, “नाही. रमाबाईंचा भरवसा कमी नव्हता आणि तुझाही नव्हता.” तिने पाटी घेतली, पदराने पुसली नाही, तशीच कोनाड्यात ठेवली. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी मी पुन्हा चुडाव्याला गेलो, तेव्हा यमाचा दिवा अंगणात दक्षिणेकडे जळत होता आणि दुसरा दिवा तिने त्या पाटीजवळ ठेवला होता. कान तसेच होते. मी खुणेने विचारले, कसे काय? ती म्हणाली, “बरं वाटतंय बाबा.”