पडद्यावरचे गाणे आणि मैफलीतले गाणे

गाण्यासाठीच चित्र काढायचे आणि ते चोवीस तास दाखवायचे, हा उद्योग एमटीव्ही या वाहिनीने १ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत सुरू केला. आपल्या चित्रपटांतले गाणे निदान कथेच्या ओघात येई. येथे कथा नाही, नुसते गाणे आणि गाणाऱ्याचे रूप. पुढील दशकात केबलच्या तारेवरून ही वाहिनी पुण्याच्या पेठांतही शिरली. वडीलधाऱ्यांनी ‘हा कसला गोंगाट!’ म्हणून कानांवर हात ठेवले. मुलांनी गायकांचे केस आणि कपडे उचलले. गाणे मात्र दोघांनीही ऐकले नाही, अशी माझी तक्रार आहे.

ते ऐकायचे तर मैफलीची मुद्रिका घ्यावी. स्टुडिओतल्या अल्बमात एकेक वाद्य वेगळे मुद्रित करता येते, चुकलेले पुन्हा वाजवता येते. मैफलीत ती सवड नसते. पुणेकराला हे सांगायला नको. १९५३ साली भीमसेन जोशींनी सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाने त्याच्या कानांना सवयच लावली आहे: जुळणारा तंबोरा, समेवरची दाद, थकलेल्या आवाजाने पुन्हा घेतलेली उचल, हे सारे तो गाण्यातच धरतो.

गंमत अशी की, या कसोटीची सोयही एमटीव्हीनेच केली. ‘अनप्लग्ड’ या कार्यक्रमात विजेच्या गिटारी बाजूला ठेवून साध्या वाद्यांवर गायचे असे. १९९२ साली एरिक क्लॅप्टनने त्यात आपले ‘लैला’ हे १९७० सालचे गाणे इतके संथ केले की मूळची आग विझून मागे ऊब तेवढी उरली. ऐकायला गोड, पण मला ते गाणे निवृत्त झाल्यासारखे वाटते.

‘निर्वाणा’ने १८ नोव्हेंबर १९९३ रोजी न्यूयॉर्कमध्ये जे केले ते निराळे. ज्या गाण्याच्या चित्राने त्यांना जगभर नेले, ते त्यांनी गायलेच नाही. चौदांपैकी सहा गाणी तर दुसऱ्यांची! कर्ट कोबेनने आपली गिटार गुपचूप विजेच्या यंत्रातून नेली होती, आणि ते यंत्र खोट्या पेटीआड लपवले होते. म्हणजे शुद्ध सात्त्विकपणाचा दावा नको. पण शेवटच्या जुन्या लोकगीतात त्याचा आवाज फाटतो, क्षणभर थांबतो, श्वास ऐकू येतो, आणि मग ओळ पुरी होते. तेथे कुठलेही यंत्र मदतीला नाही. ५ एप्रिल १९९४ रोजी त्याने आत्महत्या केली. मुद्रिका नोव्हेंबरात निघाली. त्यामुळे लोक ती मृत्युपत्रासारखी ऐकतात. मला हा अन्याय वाटतो. दोन गाण्यांच्या मध्ये तो थट्टाही करतो. त्या संध्याकाळी तो मरणाऱ्याचे नव्हे, गाणाऱ्याचे काम करीत होता.

आता घरचे उदाहरण. पुण्याचा ‘अग्नी’ हा वाद्यवृंद, म्हणजे गायक मोहन कन्नन आणि गिटारवादक कोको, हा एमटीव्हीच्याच ‘रोडीज’ कार्यक्रमातील गीतांनी घरोघर पोचला. त्यांच्या ‘साधो रे’मध्ये शब्द कबीराचे आहेत. पण पडद्यावर मोटारसायकलींचा धुरळा उडत असता कबीर कोणाला दिसणार? आमच्या वर्गातली मुले दोहे पाठ करतात ती गुणांसाठी. तोच कबीर त्यांच्या आवडत्या गिटारीवर आला आहे, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे. ते काम मास्तरांचे आणि आईबापांचे.

तेव्हा या दिवाळीत फराळाचे ताट पुढे घेऊन मुलालाच म्हणावे, ‘तुझे ते गाणे लाव बघू, चित्र मात्र नको.’ आवडेलच असे नाही. पण मग नावडले तरी ते ऐकून नावडले, एवढे तरी म्हणता येईल. आणि मुलालाही ते गाणे पहिल्यांदाच ऐकायला मिळेल.