शाश्वततेचे शिक्षण आणि गावाची भागीदारी

शाश्वततेच्या शिक्षणाविषयी जी चर्चा आपल्याकडे होते, तीत 'समाजाचा सहभाग' हा शब्दप्रयोग इतक्या सढळपणे योजला जातो, की त्याचा नेमका अर्थ विचारण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण हा शिक्षणाचा अनिवार्य विषय करण्याचे निर्देश दिले. विषय अभ्यासक्रमात आला. परंतु तेवढ्याने शाळा व गाव यांचे नाते बदलले, असे म्हणता येत नाही. वृक्षारोपणाच्या दिवशी गावकऱ्यांनी खड्डे खणावेत व सरपंचांनी अध्यक्षस्थान भूषवावे, यास श्रमदान म्हणता येईल, भागीदारी नव्हे. भागीदारीत उभय पक्षांना आपला काही अधिकार सोडावा लागतो. तेव्हा शाळा काय सोडावयास तयार आहे, हाच येथे मुख्य प्रश्न होय.

या दृष्टीने दोन प्रयोग उद्बोधक आहेत. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आरंभिलेले कार्य पुढे कोसबाडला नेले. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, हे ध्यानी घेऊन तेथे 'कुरणशाळा' भरविण्यात आली. मुलांनी गुरे सोडावीत असा आग्रह न धरता शाळेनेच आपली जागा सोडली. दुसरा प्रयोग डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पाबळ येथे स्थापिलेल्या विज्ञान आश्रमाचा. त्यांच्या शिक्षणक्रमात विद्यार्थी गावाच्या उपयोगी पडणारी कामे करीत शिकतात. जोडकाम कच्चे राहिले तर ते शिक्षकाच्या आधी ते वापरणाऱ्यास कळते. परीक्षकाच्या आसनावर येथे गावही बसते.

तथापि पाबळच्या पद्धतीविषयी एक शंका संभवते. ज्या कामास घेणारा आहे ते शिकविले जाईल. परंतु ओढा, गायरान, देवराई यांची निगा कोण मागणार? शाश्वततेचा प्रश्न तर नेमका अशा सामायिक वस्तूंचा आहे. जैवविविधता कायदा, २००२ व त्याखालील नियम यांनी स्थानिक समित्यांकडे लोकजैवविविधता नोंदवहीचे काम सोपविले आहे. ही नोंदवही शाळा व गाव यांनी मिळून केली, तर सामायिक वस्तू अभ्यासाचा विषय होईल आणि गुराखी व सुईण माहितगार म्हणून वर्गात येतील. मात्र त्यांनी सांगितलेले ज्ञान प्रकल्पवहीत गुण मिळविण्यापुरते वापरले जाऊन कपाटात पडणार असेल, तर ती भागीदारी नव्हे, उचल होय. नोंदीतील चुका दाखविण्याचा व काही गोष्टी न सांगण्याचा हक्क गावास असलाच पाहिजे.

यास्तव या क्षेत्रातील संशोधकांनी कार्यक्रमांची व उपस्थितांची संख्या मोजून थांबू नये. वेळापत्रक, मूल्यमापन व ज्ञानावरील स्वामित्व यांपैकी शाळेने गावास काय दिले, हे तपासावे. तिन्ही शाळेच्याच हाती राहिली असतील, तर अहवालात 'भागीदारी' हा शब्द लिहू नये.