आखाती पैशाचे घर आणि आपली कथा

उर्दू शाळेत ‘हमारा घर’ हा निबंध दिला, की खोपटच्या चाळीत राहणारी मुलेही कोकणातल्या गावच्या घराविषयी लिहितात. अब्बा आखातात, मे महिन्यात अम्मी एस.टी.ने गावी जाऊन घराचे काम करून घेते.

हमीद दलवाई यांच्या ‘इंधन’ (१९६५) कादंबरीचा निवेदक बऱ्याच वर्षांनी मुंबईहून कोकणातल्या गावी परततो. तेव्हा आखाताचा मोठा ओघ सुरू व्हायचा होता. १९७३ साली तेलाचे भाव भडकले, रत्नागिरी-रायगडचे तरुण तिकडे गेले आणि जांभ्या चिऱ्यांच्या कौलारू घरांचे रूप पालटले.

त्यानंतरच्या, माझ्या वाचनात आलेल्या बहुतेक कथांत हे नवे घर केवळ दिखाऊपणाची खूण म्हणून येते. ही टीका खोटी नाही, पण अपुरी आहे. मिस्त्रीची मजुरी, चिऱ्यांचा ट्रक, सिमेंटच्या गोण्या, पावसाआधी काम उरकण्याची धडपड हे सारे बाई सांभाळते. रात्री फोनवर हिशेब देते. हौसेने कौले उतरवून टाकलेला स्लॅब कोकणच्या पावसात गळतो. मग त्यावर पत्रे चढतात आणि नवऱ्याचे परतणे आणखी दोन वर्षे लांबते.

रंगीत फरशी आपल्या लेखकांना दिसली. तिच्यापायी लांबलेला विरह दिसला नाही. अम्मीच्या हिशेबाच्या वहीत एक कादंबरी पडून आहे. ती आपल्या भगिनींनीच लिहावी.